आईवडिलांचा कॅन्सर उपचार: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

मिरजेतल्या कॅन्सर ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर मी सव्वा वर्ष बसून काढलं. आईला स्तनाचा कॅन्सर, वय ६३, मधुमेह जुना. शेजारी बसणारी माणसं रोज बदलायची. कुणी जतहून आलेलं, कुणी विट्याहून, कुणी पार अथणीहून. चुका मात्र त्याच त्या ऐकायला मिळायच्या. बायोप्सीच्या आधी गाठ काढून झालेली. उपचाराच्या सरकारी योजनेची चौकशी पैसे भरल्यानंतर. रात्री ताप आला तर सकाळपर्यंत वाट बघितलेली. यातल्या दोन आम्हीही केल्या.

कोणतं औषध आणि किती, हे डॉक्टरांचं काम. त्यात मी शिरत नाही. क्रम सांभाळणं मात्र घरच्यांच्या हातात असतं, आणि गडबड तिथेच होते.

## १. पहिल्याच संध्याकाळी: एक वही, एक फाईल, एक माणूस

दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर आधारवर आहे तसंच नाव, वय, वजन, उंची, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या मात्रेसह, ॲलर्जी आणि आधीची ऑपरेशनं लिहा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल पेनने लिहा, कारण बायोप्सीच्या आधी हाच प्रश्न विचारतात. तंबाखू, मिसरी, दारू हेही लपवू नका. आई सकाळी मिसरी लावते हे आम्ही दोन भेटींत लाजेपोटी सांगितलंच नाही. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या दातांकडे बघून विचारलं.

फाईल प्लास्टिकच्या कप्प्यांची घ्या आणि कागद तारखेप्रमाणे लावा. सीटीच्या फिल्मची घडी घालू नका. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा. मागितल्यावर मूळ कागद दाखवायचा, द्यायची ती झेरॉक्स.

तिसरी गोष्ट माणसाची, आणि घरोघरी ती राहून जाते. डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच ठरवा. आमच्यात पुण्याचा भाऊ, कवठेमहांकाळची बहीण, आण्णा आणि मी असे चौघं चार वेळा जाऊन विचारायचो. मग रात्री चौघांनी ऐकलेलं जुळवताना भांडणं व्हायची. बाकीच्यांचे प्रश्न वहीत लिहून घ्या. विचारणारा एकच, आणि उत्तर तिथल्या तिथे त्याच पानावर.

तपासून बघा: मुख्य माणूस आजारी पडला किंवा गावाला गेला, तर वही उघडून दुसऱ्याला सगळं कळेल का?

## २. बायोप्सी: इथे घाई नको, ढिलाईही नको

"आधी गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू." हे वाक्य ऐकलं की थोडं थांबा. बऱ्याच कॅन्सरमध्ये आधी सुईने तुकडा घेऊन निदान करतात, त्यानंतर ऑपरेशन आधी की केमो आधी ते ठरतं. निदानाविना गाठ काढली तर कडेचा भाग पुरेसा निघत नाही, दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं, आणि मूळ गाठ किती मोठी होती हेही नीट कळत नाही. काही ठिकाणी पूर्ण गाठ काढूनच तपासणं योग्य असतं, पण तसं कॅन्सर सर्जनने ठरवलेलं असावं.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे तुम्हाला पारावर, लग्नात, एसटीत सगळीकडे ऐकायला मिळेल. या भीतीने दोन-तीन महिने घालवलेली माणसं मी बघितली आहेत. त्या महिन्यांत गाठ वाढायची ती वाढतेच.

तुकडा लॅबला पोचवायचं काम कधी कधी नातेवाइकांवर येतं. फॉर्मॅलिनची छोटी बाटली हातात मिळते. ती फ्रीजमध्ये ठेवायची नाही आणि त्यात पाणी घालायचं नाही, त्याच दिवशी पोचवायची. निघण्यापूर्वी बाटलीवरचं नाव, वय, अवयव आणि बाजू फॉर्मशी ताडून बघा. आमच्या फॉर्मवर डावीच्या जागी उजवी लिहिलं गेलं होतं. बाटलीवर डावी होती. लॅबने रिपोर्ट अडकवून ठेवला, बरोबरच केलं, पण दुरुस्तीचा कागद येईपर्यंत सहा दिवस गेले. बाटली हातात घेताना मी अर्धा मिनिट वाचलं असतं तर ते वाचले असते.

कॅन्सर निघाला की त्याच तुकड्यावर पुढची तपासणी लागते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू बघतात, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या पेशींवरच्या खुणा. त्याला आणखी काही दिवस लागतात, म्हणून पहिला रिपोर्ट घेतानाच "पुढची तपासणी सांगितली आहे का, पैसे कुठे भरायचे" हे विचारा. कित्येकदा तुकडा लॅबमध्ये पडून असतो आणि घरचे रिपोर्टची वाट बघत असतात.

स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलात मत घ्यायचं तर तिथले डॉक्टर बहुधा स्वतः स्लाईड बघतात. ब्लॉक मेणात बसवलेला असतो. एप्रिलच्या उन्हात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला जाऊ नका.

थांबा: कॅन्सर असल्याचा लेखी रिपोर्ट हातात नसताना केमो किंवा रेडिएशन सुरू करायचं कुणी म्हणालं, तर कारण विचारा. तातडीच्या अवस्थेत अपवाद असतात, पण ते डॉक्टरांनी समजावून सांगायला हवेत.

## ३. रिपोर्टमधले शब्द आणि स्कॅनची तयारी

ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला. आईच्या बायोप्सीवर "ग्रेड ३" वाचून माझ्या भावाने फोनवर रडून घेतलं. तिची स्टेज दुसरी होती, आणि तीही स्कॅन झाल्यावर ठरली.

"निगेटिव्ह" शब्दाने दचकू नका. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये "मार्जिन निगेटिव्ह" म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही, चांगली बातमी. "नोड २/१४" म्हणजे बगलेतल्या चौदा लसिका गाठी (लिम्फ नोड) तपासल्या आणि दोनमध्ये आजार सापडला. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळीचा उपयोग होण्याची शक्यता, हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे त्यासाठीचं वेगळं इंजेक्शन.

औषध टोचून सीटी करायचा असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करतात. तो रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर मशीनपाशी पोचून परत यावं लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती सुरू ठेवायची की थांबवायची, हे विचारून घ्या. पेट (PET) स्कॅन, म्हणजे आजार शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन, त्याला चार ते सहा तास उपाशी जावं लागतं आणि साखर आटोक्यात लागते. साधारण २०० च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलू शकतात. आदल्या दिवशी जड काम नको. "शेवटचं म्हणून भांगलून येते" म्हणून आई शेतात निघाली होती. स्कॅन झाल्यावर काही तास लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब बसवा. नातवंडं दारात धावत येणार, हे आधीच धरून चला.

## ४. कुठे जायचं

हा निर्णय भावकीत बसून होतो, आणि बहुतेक वेळा "मुंबईला टाटात न्या" इथे येऊन थांबतो. परळचं टाटा मेमोरियल मोठं आहे, यात वाद नाही. पण केमो बहुधा २१ दिवसांनी असतो आणि रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे. आता केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन या तिन्ही सोयी मिरज, कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात आहेत. माझं मत असं: आजार दुर्मिळ असेल, दोन डॉक्टरांचं पटत नसेल किंवा मोठं अवघड ऑपरेशन असेल तर मुंबईला मत घ्या, उपचाराचा बेत लेखी आणा, आणि जमेल तेवढा उपचार घराजवळ करा. रोज रात्री आपल्या अंथरुणावर झोपणारा पेशंट उपचार पुरा करतो, हे मी त्या बाकड्यावर बसून बघितलं.

मुंबईला जायचंच असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा करत रात्रीतून पोचवते. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, रिक्षाचा वेळ धरा. हॉस्पिटलकडून ठराविक नमुन्यातला दाखला घेतला की कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडं माफ आहे, सोबत्यालाही ७५ टक्के सवलत मिळते. तिकीट काउंटरवर काढायचं. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. जागेची चौकशी निघण्यापूर्वी करा. बॅगा घेऊन दारात उभं राहू नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत आधीच लिहून न्या:

- उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहे की आजार ताब्यात ठेवण्यासाठी?
- ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांचा क्रम काय, आणि किती महिने?
- पहिला स्कॅन कधी, आणि त्यावरून काय ठरणार?
- रात्री बारा वाजता त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कुठे यायचं?

पहिला प्रश्न विचारायला जड जातो. तरीही विचारा. जमीन गहाण ठेवायची की नाही हे त्याच्या उत्तराशिवाय ठरवू नका.

## ५. योजनेचे कागद भरती होण्यापूर्वी

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ते लागू आहे. बऱ्याच घरांत अजून "आपण केशरीवाले नाही, आपल्याला नाही मिळत" असं म्हणून चौकशीच केली जात नाही. ७० वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं.

क्रम असा ठेवा:

पहिलं, हॉस्पिटल योजनेत आहे का एवढंच विचारू नका. केमो, कॅन्सर सर्जरी आणि रेडिएशन या तिन्हींसाठी आहे का, ते वेगवेगळं विचारा. एखादं हॉस्पिटल एका विभागासाठी यादीत असतं, दुसऱ्यासाठी नसतं. योजनेचा मोफत नंबर १५५३८८.

दुसरं, रेशनकार्ड काढून आईचं नाव नेमकं कोणत्या कार्डावर आहे ते बघा. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की कार्डं वेगळी होतात, आणि आई धाकट्याच्या कार्डावर, राहते थोरल्याकडे, असं चालतं. काही घरांत तर ती कोणाच्याच कार्डावर नसते. आमच्याकडे आधारवर "सुमन" आणि रेशनकार्डावर "सुमनबाई" होतं. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दोन फेऱ्या झाल्या. ही दुरुस्ती बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघतानाच करून टाका. ते दिवस तसेही रिकामे जातात.

तिसरं, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भरती होण्याआधी भेटा. कार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. मंजुरी ऑनलाईन येते आणि उपचार त्यानंतर सुरू होतो. केमोच्या प्रत्येक सायकलला मंजुरी लागते, म्हणून तारखेच्या दोन दिवस आधी आठवण करा.

थांबा: "आता रोख भरू, नंतर योजनेतून परत मिळतील" असं गृहीत धरून पैसे भरू नका. मंजुरी उपचाराआधीची असते. भरलेले पैसे मागून मिळवण्यात आमच्या ओळखीच्या एका घराचे चार महिने गेले, हाती काही आलं नाही. योजनेत असताना कुणी वर पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रार नोंदवा.

मुलगा किंवा मुलगी आयकर भरत असेल आणि जुनी करपद्धत घेतली असेल तर कलम ८० डीडीबीखाली आपल्यावर अवलंबून असलेल्या ज्येष्ठ पालकाच्या उपचाराची १ लाखापर्यंत वजावट मिळते. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिलं फाईलमध्येच असतील.

## ६. आईला सांगायचं कधी

केमोच्या आधी. महिनाभर आम्ही "गाठ आहे, सलाईन लावायचं आहे" एवढंच सांगत होतो. एका रात्री ताट सरकवून आई म्हणाली, "तुम्ही सगळी कुजबुजताय, मला काय कळत न्हाय व्हय? केस जाणार हैत का तेवढं सांगा." सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच केस बारीक करून घेतले आणि गोळ्यांचा डबा आपल्याकडे मागून घेतला. ज्याला आजार माहीत नाही तो माणूस तोंडातली जखम, ताप, जुलाब यातलं काहीच वेळेवर सांगत नाही.

## ७. केमोचा दिवस

केमोच्या आधी दातांचा डॉक्टर दाखवून घ्या, किडका दात नंतर फार त्रास देतो. ॲड्रियामायसिनसारखं औषध असेल तर २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो. शिरा बारीक असतील तर पोर्ट (कातडीखाली बसवलेली डबी) किंवा पिक लाईन (दंडातून घातलेली नळी) बद्दल पहिल्याच केमोला विचारा, म्हणजे दर वेळी शीर शोधावी लागत नाही. चौथ्या केमोला दोन्ही हात सुजल्यावर विचारून उपयोग नाही. पोर्ट महाग असला तरी घरी सांभाळायला सोपा, पिक लाईनचं ड्रेसिंग दर आठवड्याला लागतं. तासगाव-आटपाडीकडून दर आठवड्याला मिरजेला येणं जमणार का, हे आधी बघा.

रक्ततपासणी एक-दोन दिवस आधी गावातच करून रिपोर्ट पाठवा. रक्तातल्या पेशी कमी असतील तर केमो पुढे जातो, आणि ते फोनवर कळलेलं बरं. सकाळी उपाशी नेऊ नका, हलका नाश्ता द्या, सैल बाह्यांचे कपडे घाला. मधुमेह असेल तर केमोसोबतच्या स्टेरॉइडने साखर चढते. आईची ३४० वर गेली होती आणि आम्हाला वाटलं, चहातल्या साखरेने गेली.

औषध चालू असताना सुईच्या जागी आग, चुरचुर किंवा सूज आली तर सिस्टरला त्याच क्षणी सांगायचं. "थोडं सोसते" हे इथे चालत नाही, काही औषधं शिरेबाहेर गेली की कातडी जाळतात. बगलेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातात सुई आणि बीपी शक्यतो टाळतात. तो हात कोणता, हे प्रत्येक वेळी आठवण करून द्या. ॲड्रियामायसिनसारख्या लाल रंगाच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नाही.

निघण्यापूर्वी तपासून बघा: पुढची तारीख, गोळ्यांची लेखी यादी, आपत्कालीन नंबर. घरी लावायचं पेशी वाढवण्याचं इंजेक्शन असेल तर बर्फाचा डबा. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवतात आणि केमोनंतर किमान २४ तासांनी देतात.

## ८. घरातले २१ दिवस

केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस. कॅलेंडरवर १ ते २१ आकडे टाका आणि भिंतीला लावा. यातले तीन टप्पे ओळखून घेतले की निम्मी धावपळ कमी होते.

दिवस १ ते ४. उलटीच्या गोळ्या उलटी व्हायच्या आधी, घड्याळाप्रमाणे. "आज बरं वाटतंय म्हणून दिली नाही" ही चूक आम्ही पहिल्या केमोला केली आणि दुसरा दिवस मोरीत गेला. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून त्याचं औषध आधीच मागून ठेवा. उलटी, लघवी साफ करताना पहिले दोन दिवस हातमोजे घाला.

दिवस ७ ते १४. हा धोक्याचा टप्पा. पांढऱ्या पेशी याच सुमारास तळाला जातात. पेशंट मात्र दिसायला बरा दिसतो, उलट्या थांबलेल्या असतात, आणि नेमके तेव्हाच पाहुणे येतात. आईच्या बचत गटातल्या अकरा जणी दहाव्या दिवशी केळी-बिस्किटं घेऊन हजर झाल्या, त्यातल्या एकीला सर्दी. परत कसं पाठवायचं? आम्ही नंतर युक्ती केली. "डॉक्टरांनी अमुक तारखेनंतर भेटायला सांगितलंय" असं आण्णांनी गावात आधीच सांगून ठेवलं. डॉक्टरांच्या नावावर कुणाला राग येत नाही.

या दिवसांत खाणं ताजं, गरम, पूर्ण शिजलेलं. पाणी उकळून गार केलेलं. फळं सोलून खाता येतील ती. द्राक्षांच्या गावात राहून द्राक्षं बंद, हे आईला सर्वांत जड गेलं. गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, कच्ची कोशिंबीर, कालचं कालवण नको. भाकरी गिळत नसेल तर दुधात किंवा वरणात कुस्करा, नाचणीची पेज, मऊ भात, उकडलेलं अंडं द्या. "कॅन्सरला साखर चालत नाही, दूध चालत नाही, अंडं उष्ण पडतं" असं म्हणत ताटातल्या वस्तू एकेक कमी करत गेलात तर वजन उतरतं आणि पुढचा केमो सोसत नाही. गुळवेल, काढे, भस्म, कुणी आणून दिलेली पुडी, काहीही द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि लिव्हर बिघडलं की केमो थांबतो.

तोंडासाठी मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चार-पाच वेळा. मऊ ब्रश. मिसरी पूर्ण बंद.

थांबा, हे फ्रीजवर चिकटवा: थर्मामीटरवर ताप १००.४ फॅरनहाईट किंवा जास्त, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ती तातडीची वेळ आहे. रात्री दोन वाजले असले तरी फोन करून निघायचं. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने आकडा उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढतो. गावातल्या डॉक्टरांकडे आधी नेलंत तर "केमो होऊन नववा दिवस आहे" हे पहिलं वाक्य असू द्या.

आम्ही चुकलो ते इथे. दुसऱ्या केमोनंतर अकराव्या दिवशी रात्री १०१ ताप. आण्णा म्हणाले, पाऊस आहे, सकाळी बघू. पहाटे आईला उभं राहता येईना. पाच दिवस ॲडमिट, केमो आठ दिवस पुढे. त्यानंतर गाडीची किल्ली आणि भरलेली बॅग दारामागे असायची.

सतत जुलाब, दम लागणं, तोंडाने पाणीही न जाणं, रक्त येणं, पाय एकाएकी सुजून दुखणं, यासाठीही तोच नंबर.

दिवस १५ ते २१. पेशी सावरतात, चव परत येते. भेटीगाठी, देवदर्शन, खाण्याचे लाड याच आठवड्यात करा. रक्ततपासणीची तारीख विसरू नका.

वेळापत्रक प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. दर आठवड्याच्या केमोला हे आकडे लागू नाहीत, तुमचे आकडे सिस्टरकडून लिहून घ्या.

## ९. ऑपरेशन आणि रेडिएशन

तीन केमोनंतर गाठ हाताला लागेनाशी झाली की घरात आनंद होतो, आणि तिथेच काही जण थांबतात. "गाठच नाही, मग कापायचं कशाला?" हाताला न लागणं आणि आत पेशी न उरणं यांत फरक आहे. केमोला प्रतिसाद चांगला दिला म्हणून ठरलेलं ऑपरेशन रद्द करायचा निर्णय घरात घेऊ नका.

ऑपरेशननंतर ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीतलं पाणी रोज त्याच वेळी मोजून वहीत लिहा, ड्रेन कधी काढायचा ते त्या आकड्यांवर ठरतं. खांद्याचे व्यायाम सांगितल्या दिवसापासून करा. आईने भीतीने हात छातीशी धरून ठेवला आणि नंतर वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला तीन महिने लागले.

रेडिएशन सुरू होण्याआधी मोजमापाचा एक दिवस असतो. अंगावर खुणा करतात, तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये मुखवटा बनवतात. खुणा पुसू द्यायच्या नाहीत, त्या जागेवर तेल, हळद, पावडर नको. मशीनमध्ये दुखत नाही, त्रास दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. म्हणूनच माणसं चौथ्या आठवड्यात सोडून जातात. मधले दिवस चुकवले की परिणाम कमी होतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचं आणि आतलं रेडिएशन मिळून साधारण आठ आठवड्यांत पुरं व्हावं असं बघतात. यात्रा, लग्न, सुगी या तारखा सुरुवातीलाच काढा आणि त्या वर्षीपुरत्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

## १०. प्रगती मोजायची कशी

इथे भाषेचाच एक सापळा आहे. स्कॅनच्या रिपोर्टमध्ये "प्रोग्रेशन" किंवा "प्रोग्रेसिव्ह डिसीज" लिहिलं असेल तर पेशंटची प्रगती झालेली नसते, आजार वाढलेला असतो. बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलाने तो शब्द वाचून घरी "बाबांची प्रोग्रेस हाय" म्हणून फोन केला. आत गेल्यावर त्याला कळलं.

शब्द असे वाचा. "कम्प्लिट रिस्पॉन्स" म्हणजे स्कॅनवर दिसणारा आजार गेला. "पार्शल रिस्पॉन्स" म्हणजे मोजलेल्या गाठींची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली. "प्रोग्रेसिव्ह" म्हणजे ती किमान २० टक्क्यांनी वाढली किंवा नवी गाठ आली. मधलं सगळं "स्टेबल". आजार ताब्यात ठेवण्यासाठीच उपचार असेल तर स्टेबल हा रिपोर्ट पेढे वाटण्यासारखा असतो. पूर्ण बरं करण्यासाठी असेल तर डॉक्टर बेत बदलतील. पहिल्या भेटीतला तो जड प्रश्न इथे कामाला येतो.

आणखी तीन गोष्टींची गल्लत होते. हिमोग्लोबिन आणि पेशी वाढल्या म्हणजे शरीर सावरलं, कॅन्सर किती घटला हे त्यावरून कळत नाही. केस गळाले नाहीत म्हणजे औषध लागू पडलं नाही, असंही नाही. सीए-१२५ किंवा सीईएसारखा मार्कर, म्हणजे कॅन्सरशी जोडलेली रक्ततपासणी, एकदा थोडा वर गेला म्हणून रात्र जागवू नका, डॉक्टर तो स्कॅन आणि तपासणीसोबत वाचतात. रेडिएशन संपल्याबरोबर पेट स्कॅन करायची घाईही नको. सूज उतरायला वेळ द्यावा लागतो, साधारण बारा आठवडे थांबतात.

स्कॅनला जाताना जुनी सीडी न्या, शक्यतो त्याच सेंटरला जा. जुना स्कॅन समोर नसेल तर रिपोर्टमध्ये तुलना येत नाही आणि पुन्हा फेरी पडते.

घरात रोज मोजण्यासारखं दुसरंच असतं. दर सोमवारी सकाळी त्याच काट्यावर वजन. स्वतः आंघोळ करते का, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो, जिना चढते का. डॉक्टर विचारतात "कशा आहेत?" आणि आपण म्हणतो "बरं आहे." त्याऐवजी "मागच्या महिन्यात मंदिरापर्यंत चालायची, आता उंबऱ्यापर्यंतच" असं सांगा. पुढच्या केमोचा डोस ठरवताना त्यांना हे लागतं. दुखणं शून्य ते दहात लिहा. दुखण्याची गोळी वेळेवर द्या, आणि मॉर्फिन लिहून दिलं तर "आता शेवट आला" असा अर्थ काढू नका. ते दुखण्याचं औषध आहे, सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतं.

## ११. उपचार संपल्यावर

शेवटच्या दिवशी उपचाराचा सारांश लेखी मागा. निदान, स्टेज, दिलेली औषधं आणि किती वेळा, ऑपरेशनची तारीख, रेडिएशनचा एकूण डोस. पुढे कधीही, कुठल्याही गावात डॉक्टर हेच विचारतील.

तपासणी साधारण पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी होते. प्रत्येक वेळी पेट स्कॅन लागत नाही. डॉक्टरांनी सांगितला नसताना स्वतःहून करून आणू नका. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनची गोळी निदान पाच वर्षं असते. "उपचार संपला" म्हणून ती बंद करणाऱ्या तीन बायका मला एकट्या तासगाव तालुक्यात भेटल्या. लेट्रोझोलसारखी गोळी असेल तर हाडांची घनता तपासतात. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी वर्षातून एकदा.

पोर्ट असेल तर तो काढेपर्यंत साधारण चार ते सहा आठवड्यांनी फ्लश करावा लागतो, म्हणजे तो तुंबू नये म्हणून औषध सोडून धुवावा लागतो. आईचा पोर्ट काढायची तारीख ऑक्टोबरात, नेमकी द्राक्षाच्या छाटणीच्या आठवड्यात आली. आण्णांनी फोन करून ती पंधरा दिवस पुढे घेतली, पण फ्लशची तारीख मात्र चुकू दिली नाही. ती वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनने लिहून ठेवली होती.